बोटीची सावली

खोल जाताना उजेड वाढतो कधी? माझ्या आलेखात वाढला होता. वरच्या पाण्यात अंधूक, आणि आठेक मीटरखाली चक्क जास्त! समुद्रात खोलीबरोबर ऊन कसं विरत जातं आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्यावर कुठवर तगतात, याचं गणिती मॉडेल हा माझा पीएचडीचा विषय. ते पडताळायला मोजमापं हवीत, आणि माझ्याकडे बोटीच्या एवढ्या एकाच फेरीतली होती. फेलोशिप संपत आलेली.

माझे गाईड सर आलेख बघून म्हणाले, "वरचे आठ मीटर गाळून टाक."

कपाळ माझं! प्लवकांचा खरा संसार त्या वरच्याच पाण्यात. तेच गाळलं तर थिसिसमध्ये लिहू काय?

वेलचेरीतल्या भाड्याच्या खोलीत बसून उजेड मोजणाऱ्या सेन्सरला, केबलला, स्वतःच्या कोडला मनसोक्त शिव्या घातल्या. चूक काही सापडेना. सेन्सर बोटीच्या उन्हाच्या बाजूनं सोडायचा, हा आमच्याकडचा पहिला धडा. तो तर मी पाळला होता. पुढे बोट लागली आणि केबलशेजारीच कठड्यावर वाकून ओकत बसले, तेवढंच.

शेवटी बोटवाल्या म्हाताऱ्या अण्णांना फोन लावला. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, सेन्सर पाण्यात होता तेव्हा बोट हलली होती का?

"हलली कसली, मीच फिरवली!" अण्णा खुशीत म्हणाले. "अम्मा, तुम्ही एवढ्या उन्हात ओकत होतात. बघवेना मला. म्हटलं, तुमच्या अंगावर जरा सावली येऊ दे."

माझ्या अंगावर आली, तशी सेन्सरवरही आली; आणि बोटीची सावली वरच्याच पाण्यात पडते, खाली आजूबाजूचा उजेड पोचतो. सगळं मुसळ केरात! आता पावसानं नद्यांचा गाळ समुद्रात उतरलाय. पाणी निवळेपर्यंत फेलोशिप संपलेली असेल. असा संताप आला की या माणसाला सांगावं, अण्णा, तुमच्या मायेनं माझी वर्षं बुडवली. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"काम चांगलं झालं ना, अम्मा?" त्यांनीच विचारलं.

ओकता ओकता एकदम गार वाटलं होतं, ते मला आठवलं. तेव्हा वाटलं होतं, ढग आला असेल.

"झालं, अण्णा," मी म्हटलं. "आणि त्या सावलीत खूप बरं वाटलं होतं मला."

दुसरं वाक्य तरी खरं होतं.