फाटक्या चादरींची दुपटी

वरच्या मजल्यावरच्या मावशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आल्या त्या जिन्याखालच्या नळावर. दवाखान्याच्या धुलाई खात्यातून सुटून आल्या होत्या आणि वर घरी जाण्याआधी कोपरापर्यंत हात घासत होत्या.

"अहो, कातडी निघेल!" मी म्हणाले.

"निघू दे बाई, नवी येईल. घरात तान्हा नातू आहे."

धुलाईतल्या बायकांची एक रीत असते. बाद झालेल्या चादरी धुऊन धुऊन मऊसूत झालेल्या असतात. त्या उकळून, फाडून घरच्या बाळांसाठी दुपटी शिवायची. नातू त्यांतच वाढत होता. त्याला न्यूमोनिया झाला आणि सुनेने सगळी दुपटी कचऱ्यात टाकली. मावशींना तेवढं पुरलं.

ताप उतरेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. मीही सोबत गेले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथेच घडतात. तान्ह्या मुलांत ती चांगली मोठी दिसते. याच्या फोटोत तिची सावलीच नव्हती.

"जन्मतःच नसेल, तर साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. पण मोठ्या संसर्गात ती आक्रसतेही. आतल्या अर्धवट घडलेल्या पेशी मरतात. तसं असेल, तर बाळ बरं झाल्यावर पुन्हा भरून येईल. आजारपणात रक्तावरूनही खात्रीने सांगता येत नाही. थांबावं लागेल. तोवर बाळ इथेच दाखल राहू दे."

"माझ्या दुपट्यांनी झालं का हो?" मावशींनी विचारलं.

"उकळलेल्या कापडात काय राहणार? घरात कुणाला सर्दी होती?"

मावशींच्या मुलाने मान खाली घातली. त्यालाच होती.

तरी मावशी त्याच संध्याकाळी गाठोडं घेऊन तळमजल्यावर, माझ्या मागच्या खोलीत राहायला आल्या. "दिवसभर रोग्यांचे कपडे हाताळते मी. नकोच ते."

मग रोजचंच. कामावरून यायच्या, स्टुलावर बसायच्या, दिवा लावायचंही त्राण नसायचं. मुलगा बाळाकडून परतला की खिडकीबाहेरून सांगायचा, "आई, आज दूध प्यायला."

"तू नाक पुसलंस का?" आतून उत्तर जायचं.

बाळ घरी आलं, अंगाला लागलं. दुसऱ्या फोटोत ग्रंथीची सावली दिसली, शिडासारखी, स्पष्ट. रक्तही ठीक निघालं. सून बाळाला घेऊन खाली आली आणि तिने त्याला सासूच्या मांडीवर ठेवलं.

"चला आता घरी."

"हा रडला की बोलाव."

"हा नाही हो, मी रडते."

मावशी बाळाला थोपटत राहिल्या. "बघू," म्हणाल्या. "दमलेय गं फार."

नातू आता शिशुवर्गात जातो. मावशी रोज संध्याकाळी वर जाऊन त्याला भरवतात आणि झोपायला माझ्या मागच्या खोलीत येतात.