भाताच्या खोलीची कडी

लग्न होऊन टोकावड्याला आले तेव्हा आम्हा दोघांना जी खोली मिळाली, ती आधी भाताची होती. कणग्या बाहेर काढून तिथे पलंग आणि कपाट ठेवलं, भिंतींना गुलाबी रंग दिला. दार तेवढं तेच राहिलं. एकाच झडपेचं, सागाचं, जाडजूड, आणि कडी बाहेरून. कोंबड्या-शेरडं आत शिरू नयेत म्हणून ती लावायची. आतून कडी नव्हतीच. भाताला आतून कडी लावायची गरज पडत नाही.

त्यात आमच्या घराची एक सवय. त्या दारावरून जो जाईल तो जाता जाता कडी सरकवायचा. सासऱ्यांच्या हाताला तर ती लहानपणापासूनची सवय. सकाळी मी आत केस विंचरत असायची, बाबा शेतावर निघायचे आणि बाहेर खट् वाजायचं. नवरा पहाटेच कल्याणला गेलेला. मग मी आतून ओरडायची, "आई, कडी!" सासूबाई चुलीपुढून उठून यायच्या, कडी काढायच्या, "अगो, परत लावली का?" म्हणायच्या आणि पुन्हा भाकरीकडे जायच्या. तोवर मला कामाला नेणारी मुरबाडची जीप निघून गेलेली असायची.

म्हणजे बाहेरून कोणीही मला कोंडू शकत होतं आणि आतून मी कोणालाच थांबवू शकत नव्हते. कपडे बदलायचे तर कपाटाचं दार उघडून त्याच्या आड, एक डोळा दाराकडे ठेवून. जाऊबाईंना चादर हवी असायची, पोरांना चार्जर, बाबांना उगाच पंखा चालू आहे का ते बघायचं असायचं. वाईट कोणीच नव्हतं. त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. दिवसातून अर्धा तास दार लावून गप्प बसता यावं, एवढंच मला पाहिजे होतं. पण नव्या सुनेनं आतून कडी मागितली तर घर त्याचा काय अर्थ काढेल, हे सांगायला नको. मी नवी होते तेव्हा बोलले नाही आणि जुनी झाल्यावर बोलायला तोंड उरलं नाही.

आणि माझी नोकरी कसली, तर मुरबाडच्या एमआयडीसीत दाराची हँडलं डिझाइन करायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नवीन काम आलं ते आतल्या दारांसाठी बिनकिल्लीच्या हँडलचं. बोट लावलं की छोटी मोटर फिरते, टुंग वाजतं आणि दार उघडतं. आत चार पेन्सिल सेल. नमुना वापरून बघायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "आमच्या घरी लावते," म्हटलं. "जाड दार, धूळ, दमट हवा, सगळी परीक्षा होईल." साहेब खूश झाले.

फ्लॅटच्या पातळ दारांसाठी केलेला, हँडलचा आरपार जाणारा दांडा आमच्या सागाला पुरेना, म्हणून लांब दांडा करून आणला आणि रविवारी भोक पाडून स्वतः बसवला. कडी काढताना बाबा शेजारी उभे होते. त्यांनी ती उचलून पडवीतल्या खिळ्याला टांगली. "कंपनीचं टेस्टिंग हाय," मी सांगितलं. टेस्टिंग म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण माझी जीभ. "यात शंभर बोटांचे ठसे बसतात," असं मीच फुशारकीनं सांगून बसले. झालं. पहिलं बोट बाबांचं, घरातले वडील म्हणून. मग आईंचं, जाऊबाईंचं, पोरांचं. शेजारची काकू दळण घेऊन चालली होती, तिचंही बसलं. आधी लोक कामाला यायचे, आता नुसतं बोट लावून टुंग ऐकायला यायला लागले. कपाटाच्या दाराआड ब्लाउजच्या बाह्यांत अडकलेली मी ती टुंग ऐकायची आणि माझ्याच कलेला शिव्या द्यायची.

मग मी ऑफिसात एक बटण तयार केलं. आतल्या बाजूला, अंगठ्याएवढं. ते दाबलं की बाहेर लाल दिवा लागतो आणि कोणाचंही बोट चालत नाही. आतलं हँडल फिरवलं की सगळं पूर्ववत. साहेब म्हणाले, "आतल्या दाराला हे कशाला? घरातलीच तर माणसं असतात."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

बटणवाला नमुना दाराला लावला, संध्याकाळी आत गेले आणि बटण दाबलं. पलंगावर बसले. काही केलं नाही. पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाहेर टुंगच्या जागी टीं टीं. पुन्हा टीं टीं. मग सगळ्यांची बोटं लागली. "बिघडला वाटतं," "आत कोण हाय?", "काय झालं गो, बरं नाय का?" शेवटी बाबा दार ठोकायला लागले.

मी बाहेर आले. सगळं घर दारात उभं. बटणाचं सांगितलं. बाबा म्हणाले, "घरात कोणापासून लपायचं?" रागावून नाही, वाईट वाटून. तेच लागलं. जाऊबाई पदराआड हसल्या. फक्त आईंनी विचारलं, "कंचं बटन?" मी दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि भाजी चिरायला गेल्या.

त्यानंतर मी बटणाला हात लावला नाही. कपाटाचं दार होतंच. आपणच आपल्यासाठी केलेली वस्तू आपल्याला वापरता येऊ नये, याचा मला रोज संताप यायचा आणि रोज मी तो गिळायची.

एका शनिवारी हाफ डे होता. जीपमधून उतरून घरी आले तर घर सामसूम. आमच्या खोलीच्या दाराला बोट लावलं. टीं टीं. वर लाल दिवा. जाऊबाई पोरांना घेऊन माहेरी गेलेल्या, नवरा आणि दीर कामावर. मी पुन्हा बोट लावणार होते, तोच आत बांगड्या वाजल्या. आईंच्या, हिरव्या काचेच्या. मी हात मागे घेतला.

त्या क्षणी मला पहिल्यांदा आठवलं की या घरात आईंना खोलीच नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांचं अंथरूण माजघरात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

माझे घरचे कपडे आत, मी बाहेर, कंपनीच्या कपड्यांत घामाघूम. तशीच उंबऱ्यावर बसले. बाबा मागच्या दारानं आले. "ती कुठं गेली? चहा नाय का?" म्हणत त्यांचा हात सवयीनं कडीच्या जागी गेला, तिथून बोटाच्या जागी वळला.

"बाबा, बोट नका लावू," मी म्हटलं. "टेस्टिंग चाललंय. चहा मी टाकते."

ते काहीतरी पुटपुटत पडवीत जाऊन बसले.

चहा उकळत होता तेव्हा आई बाहेर आल्या. पदर सारखा केला, माझ्याकडे न बघता कपबश्या मांडल्या.

"जरा पडला होतात का?" मी विचारलं.

"नाय. बसलेले नुसती."

बाबांचा कप उचलून त्या पडवीकडे निघाल्या, दारापाशी थांबल्या.

"ते सेल किती दिस पुरतात गो?"

"वापरू तसे."

"मंग मुरबाडवरनं येताना जास्तीचे आण," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या दोघींना लागतील."