सोवळ्यातलं बटण

अभिषेकाच्या वेळी कमळाबाईंच्या नातवाचं नाव घेतलं गेलंच नाही. त्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्यांनी सकाळीच मोबाइलवरून अभिषेक नोंदवला होता. ठाकूरद्वारच्या त्या देवळाचे ट्रस्टी अनिशच्या दादरच्या ऑफिसात फोन करून एवढंच म्हणाले, "सोमवारी एक जरी नाव गळलं, तर तुमचं यंत्र घेऊन जा."

ही वेबसेवा त्याच ऑफिसातल्या मेघनाने बांधली होती. नाव नोंदलं की ते गाभाऱ्यातल्या टॅबवर उमटायचं, आणि ते पाहून गुरुजी संकल्प सांगायचे. सर्व्हर आणि टॅबमधली जोडणी सतत उघडी ठेवायची, हा हट्ट मालकाचा, म्हणजे अनिशचा. दोघांनी फोन न ठेवता बोलत बसावं, तसं. पण दगडी भिंतींआड नेटवर्क जायचं आणि जोडणी तुटायची.

"परत जोडायचं बटण दिलंय ना?" अनिश म्हणाला. "गुरुजींनी दाबलं नाही?"

मेघनाने डोळे चोळले. "अरे, ते सोवळ्यात असतात. टॅबला शिवतील कसे?"

बोलता बोलता तिची तिलाच लाज वाटली. डिलाईल रोडच्या घरी सासूबाई रोज सोवळ्यात पूजा करतात. तेव्हा बेल वाजली तर दार मेघनाच उघडते. आणि तिनेच हे बटण ठेवलं!

"मग आपोआप जोडू दे."

"आणि मधे आलेली नावं? ती गेलीच ना! साधी रीत घेऊ. टॅबनेच थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, नवीन नाव आहे का? टॅब 'मिळालं' म्हणेपर्यंत सर्व्हरने नाव सोडायचं नाही."

"एवढं जुनाट? सगळं जग लाइव्ह चाललंय, बाई!"

"मग तूच कर लाइव्ह. मी दमले रे."

अनिशने हात वर केले. मग म्हणाला, "कर बाई, तुला हवं तसं."

इतके दिवस खपून लिहिलेलं तिने काढून टाकलं. रविवार नव्याने लिहिण्यात गेला. भाजी सासूबाईंनी केली, तीही गार झाल्यावर तिने खाल्ली.

सोमवारी ती देवळात खांबाला टेकून उभी राहिली. नेटवर्क गेलं. गुरुजी टॅबकडे पाहत थांबले. परत आलं, तशी अडकलेली नावं एकापाठोपाठ एक उमटली आणि गुरुजी वाचत गेले. कमळाबाईंनी पुन्हा नोंदवलेलं नातवाचं नाव आलं. तो अजून इस्पितळातच होता. त्यांनी हात जोडले, पदर डोळ्यांना लावला.

मेघनालाही नमस्कार करायचा होता. पण हात उचलवेनात. तिने नुसते डोळे मिटले.