तापातली ड्यूटी

नवरा गेल्यावर घाटकोपरच्या शकु पगारेने पेशंट सांभाळायचं काम धरलं. गेली तीन वर्षं ती मुलुंडला जयंतीबाईंकडे जात होती. म्हातारी कुडाळकडची. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, त्यात डायबेटिस. घरात मुलगा श्यामकांत एकटाच. आठला शकु पोचली की तो कामाला निघायचा.

एका सोमवारी शकु उठली तीच तापाने फणफणून. खोकून खोकून छाती दुखत होती.

"आई, आज नको ना जाऊस," मुलगी मनाली म्हणाली.

शकुने काम देणाऱ्या नर्सिंग सेंटरला फोन लावला. बदली मिळेना, साथच होती, निम्म्या बायका आजारी. मग तिने श्यामकांतलाच सांगितलं, "दादा, ताप आहे मला. आजींनाही होईल हो."

तो म्हणाला, "शकुताई, आईच्या आजारपणात माझ्या सगळ्या रजा संपल्या. आज दांडी मारली तर काढूनच टाकतील. मास्क लावून या ना, प्लीज."

गोळी घेऊन, दोन मास्क लावून ती गेली. खिडक्या उघड्या टाकल्या, दाराशी बसली. खोकला आला की बाथरूममध्ये पळायची.

दुपारी इन्सुलिन देऊन तिने मऊ भात आणला. जयंतीबाईंनी तोंड घट्ट मिटलं.

"तू कोण गो? शकूक बोलव."

"आजी, मीच शकु."

"नाय. शकू अशी नाय."

अर्धा तास गेला. इन्सुलिननंतर पोटात काही गेलं नाही तर साखर एकदम उतरेल, हे शकुला ठाऊक होतं. साखरपाणीही त्यांनी थुंकून टाकलं. कपाळावर घाम आला, डावा हात थरथरायला लागला. श्यामकांत फोन उचलत नव्हता. शेवटी शकुने मास्क खाली ओढला.

"हां, ही माजी शकू," म्हातारी हसली आणि वाटीभर भात जेवली. शकु श्वास रोखून भरवत होती. मध्येच उबळ आली. तोंड फिरवेपर्यंत उशीर झाला होता.

गुरुवारी जयंतीबाईंना ताप आला, शनिवारी हॉस्पिटलात न्यावं लागलं. न्यूमोनिया. नाशिकहून त्यांची मुलगी विमला आली. बाहेरच्या बाकावर शकु दिसताच तिने विचारलं, "तुम्ही आजारी असताना कामाला आलात?"

"हो."

"आणि दादाला सांगितलं नाहीत?"

शकुने श्यामकांतकडे पाहिलं. त्याच्या हातात रिपोर्टची फाईल होती. ती थांबली. तो खालीच बघत राहिला.

"चुकलं माझं," शकु म्हणाली.

तो गेटपर्यंत तिच्या मागे आला. "शकुताई, मी..."

"आजी जेवल्या काय?"

"नळीतून देतात."

नवव्या दिवशी जयंतीबाई गेल्या. शकु बिल्डिंगखाली जाऊन उभी राहिली, पण वर जायचं धाडस झालं नाही. शववाहिनी निघून गेल्यावर घरी परतली.

मनाली संतापली. "मी जाऊन त्या विमलाताईंना खरं काय ते सांगते."

"काय सांगणार?" शकु म्हणाली. "भरवलं तर मीच ना."

पुढच्या आठवड्यात सेंटरने बोरिवलीचा पेशंट दिला. शकु गेली. पण त्या म्हाताऱ्याला पहिला घास भरवताना तिचा हात तसाच थांबला, आणि त्याच्या सुनेला विचारावं लागलं, "काय झालं हो, मावशी?"