आत्याबाई कळी बांधत नसत

गुलाबाची कळी बाजारात लवकर उमलू नये म्हणून तिला दोरा गुंडाळतात. आमच्या आत्याबाईंनी तो दोरा कधी मळ्यात येऊ दिला नाही. "तोंड बांधायचं अन् ताजी म्हणायचं? लबाडी हाय ती," असं म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहीण. गंगापूर रोडच्या पुढे आमचा फुलांचा मळा, तो त्यांच्याच शब्दावर चाले. मी चौथी शिकलेली, लाजरी. मला त्या 'मुकी' म्हणत.

दवाखान्यातल्या मशीनला त्या भीत नव्हत्या. माझ्या जावेला मळ्यात साप चावला, तेव्हा तिला श्वासाच्या मशीनवर ठेवायला दीर कचरत होते. आत्याबाईंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "परत येईल का?"

"विष उतरलं की येईल."

"मग लावा. बघत काय बसलात?"

पाचव्या दिवशी जाऊ उठून बसली. घरी येताना रिक्षात आत्याबाई मला म्हणाल्या, "माझ्या टायमाला बी हेच इचारा. परत येणार नसले तर घरी आणा, आपल्या विहिरीचं पाणी तोंडात घाला. ध्यानात ठेव गं मुके."

ठेवलं. काही वर्षांनी त्यांची फुप्फुसं पार निकामी झाली आणि माझ्या यजमानांनी त्यांना मशीनवर ठेवलं. तोंडात नळी. ती ओढतात म्हणून दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. मी गेले की त्या बोटं हलवायच्या. मी रोज बाटलीत विहिरीचं पाणी न्यायची आणि तसंच परत आणायची.

एकदा कसंबसं म्हटलं, "अहो, घरी न्यायचं का त्यांना? त्याच म्हणाल्या होत्या."

"आत्याला टाकून दिली म्हणतील लोक! तू गप बस."

लोक! लोकांचे हात बांधले होते का? बाहेर पाहुण्यांना यजमान सांगत, "आम्ही काही कमी पडू देत नाही," आणि पाहुणे माना डोलवत. मीही गप्प बसले. तो राग अजून आहे, यजमानांवरचा आणि माझ्यावरचाही.

अकराव्या दिवशी मी डॉक्टरांची वाट अडवली. "त्या परत येतील का?"

ते थांबले. "नाही, ताई. नुसते दिवस वाढताहेत. पण हे मला घरातल्या कुणी विचारलंच नव्हतं."

"मग तुम्ही तरी सांगायचं!" मी ओरडले. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

यजमान त्यांना घरी न्यायच्या कागदावर सही करायला तयार होईपर्यंत संध्याकाळ झाली. आत्याबाई तोवर थांबल्या नाहीत. मी आधी त्यांचे हात सोडले. मनगटांवर वळ होते. मग बाटली उघडली, पण तोंडात नळी तशीच होती. पाणी ओठांवरून ओघळून उशीत गेलं.