खानावळीचं ताट की खोलीतला स्टोव्ह

सांगलीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा मला चहासुद्धा करता येत नव्हता. माण तालुक्यातल्या आमच्या घरात चूल आईची होती आणि ती घरात नसली की थोरल्या बहिणीची. वडील मुंबईत गोदीत कामाला होते. ते वर्षातून एकदा यायचे आणि दरवेळी आधीपेक्षा बारीक दिसायचे. आई म्हणायची, "खानावळीचं खाऊन वाळलाय माणूस." त्यामुळं निघताना तिनं मला एकच बजावलं होतं, बाहेरचं खाऊ नकोस. पण मग खायचं काय, हे तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

स्टँडच्या मागं एका माजी सैनिकाच्या आवारात पत्र्याची खोली मिळाली. त्यानं नाव विचारलं, पगार विचारला, बाकी काही विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, तेव्हा मी शाळकरी होतो. नोकरी आम्हाला लागू लागली होती, खोल्या मात्र अजून सहज मिळत नव्हत्या. खोली मिळाली म्हटल्यावर पुढचा प्रश्न जेवणाचा.

दोन गल्ल्या सोडून एक खानावळ होती. जतकडची एक विधवा बाई ती चालवायची. तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं असायचं. जेवणाला ती 'ऊटा' म्हणायची. "ऊटा झाला का, सायेब?" हे तिचं रोजचं विचारणं. पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक उसळ, एक भाजी, ताक. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, ते पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त व्हायचे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "गाव कुठलं?"

"माण."

"लय दुष्काळ तिकडं. बसा."

त्यापुढचा प्रश्न ती आज विचारील, उद्या विचारील, अशी मी वाट बघत राहिलो. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारता आपण होऊन सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. हे खोटं बोलणं होतं की नव्हतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. दारापाशी पंगतीच्या टोकाला बसायचो, मान खाली घालून भराभर जेवायचो, हात धुवायचो आणि निघायचो. बाकीचे गप्पा मारत ताक मागायचे. मी ताक कधी मागितलं नाही.

चारेक महिन्यांनी पोटात आग पडायला लागली. जेवलं की छातीपर्यंत जळजळ आणि मध्येच मुरडा. विजार ढिली झाली. शेवटी बाजारपेठेतल्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं.

"जेवता कुठं?"

"खानावळीत."

"बंद करा. ते तिखट, ते तेल, ते उघडं पाणी. घरचं साधं जेवा."

"घर तिकडं माणला आहे, डॉक्टर."

"मग स्वतः शिजवा. पुरुषानं शिजवू नये असं कुठं लिहिलंय?"

कचेरीत माझ्या शेजारी बसणारा एक फलटणकडचा कारकून होता. घरचा ऊस, भाऊ फौजेत, अंगानं दांडगा. त्याची बायको रोज पितळी डबा भरून द्यायची. तो म्हणाला, "गड्या, बाहेरचं म्हणजे निव्वळ इख. चल, तुला स्टोव्ह घेऊन देतो." संध्याकाळी त्यानं मला बाजारात नेलं, वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, तवा, पोळपाट असं सगळं घ्यायला लावलं आणि परत येताना स्वतःच हॉटेलात शिरून दोन मिसळी मागवल्या. मी म्हटलं, "अहो, बाहेरचं इख ना?" तो म्हणाला, "ही मिसळ हाय रं. मिसळ म्हंजे काय जेवण न्हवं."

खानावळीच्या बाईला मी सांगितलं, डॉक्टरनं बंद करायला सांगितलंय. ती भाकरी थापतच म्हणाली, "डाक्टर सगळ्यांनाच सांगतो. माझ्याकडं वकील जेवतात, त्यांना काय हुईत न्हाई." मग जरा थांबून, "तुमी पोटभर जेवतच न्हाई, सायेब. त्यानं पण दुखतं."

आठवडाभर मला फार बरं वाटलं. आपल्या हातचा भात, आपल्या हातचं वरण, कुणाच्या पंगतीत बसायचं नाही, कुणाच्या प्रश्नाची वाट बघायची नाही. जळजळ कमी झाली. मी आईला पत्रात लिहिलं, मी रांधायला शिकलो. पण मग रॉकेल संपलं. रॉकेलच्या रांगेत सकाळ गेली आणि कचेरीला उशीर झाला, साहेब बोलले. रेशनला ज्वारी मिळायची ती परदेशची, लाल, तिची भाकरी थापताना हातातच तुटायची. भाकरी सोडून दिली. दोन वेळचा भात एकदम करायला लागलो, तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत त्याला वास यायचा. तो टाकायचा आणि उपाशी राहायला नको म्हणून भडंग आणायचा. स्वस्त पडेल म्हणून सुरू केलेलं हे रांधणं खानावळीपेक्षा महाग पडतंय, हे महिन्याभरात माझ्या लक्षात आलं. वाण्याकडून आणलेलं अर्धं सडत होतं. कचेरीत भूक मारायला मी सात-आठ कप चहा पीत होतो.

दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. मी पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेलो.

"काय खाता?"

"भात, वरण."

"भाजी?"

"कधीमधी."

"दूध? ताक?"

"नाही."

त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "रक्त नाही अंगात. चौरस जेवण पाहिजे. इथं एखादी बरी खानावळ नाही का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं."

"मी? मग तेव्हा तुमचं पोट तसं असेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. खानावळीत जेवलो तरी दुखत होतं, स्वतः शिजवलं तरी दुखत होतं. फलटणकर म्हणत होता लग्न कर. घरमालक म्हणत होता फौजेत जा, तिथं शिस्तीत जेवण मिळतं. मी कुणाचं ऐकायचं?

पत्रात मी थोडंच लिहिलं होतं, पण आईनं काय ओळखायचं ते ओळखलं. विट्यावरून येणाऱ्या एस.टी.नं एका दुपारी ती उतरली. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, कमरेला हुलग्याच्या पिठाची पिशवी. मला बघून तिनं पहिलं वाक्य काढलं, "बापावर गेलास व्हय रं?"

स्टोव्हला ती हात लावीना. त्याचा भातालाही वास येतो म्हणाली. आवारात तीन दगड मांडले, घरमालकाच्या परवानगीनं वाळकी लाकडं गोळा केली आणि हुलग्याचं माडगं शिजवलं. आमच्याकडं हे पातळ पिठलंच म्हणा ना, आजाऱ्याला आणि पाहुण्याला सारखंच चालतं. दोन वेळा गरम भाकरी मिळायला लागली. मी मांडी घालून निवांत जेवायला लागलो. पंधरा दिवसांत चेहऱ्यावर तेज आलं, असं कचेरीत सगळे म्हणाले. मलाही वाटलं, सुटलो. आणि एका सकाळी, आईच्याच हातचं खाऊन, पुन्हा तसाच मुरडा आला. मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार?

पण आईचंही काही बरं चाललेलं नव्हतं. धुरानं तिला खोकला झाला. बोलायला कुणी नाही, शेळ्या तिकडं बहिणीच्या अंगावर टाकून आलेली. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ततं चार बायका येतात, जातात. हितं मी आन तवा." तिला परत धाडायला हवं होतं. मग माझं काय, हा प्रश्न पुन्हा होता तिथंच.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती म्हणाली, "मला त्या खानावळवाल्या बाईकडं ने."

"कशाला, आये?"

"बगू दे, काय घालती माझ्या लेकराला."

नेलं तर आई तिथं काहीतरी बोलेल आणि नाही नेलं तर का नाही ते तिला सांगावं लागेल. शेवटी दुपारी घेऊन गेलो. आत पाच-सहा जण जेवत होते. आईनं वहाणा काढल्या आणि दारातच, बाहेरच्या पायरीवर, उन्हात बसली.

बाईनं चुलीपुढून मान वर केली. "सायेब, आई व्हय? आवं अक्का, उन्हात कशाला? आत या की."

आई म्हणाली, "बसते हितंच. हे बरं हाय."

"बरं कशानं? या आत."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत होतो. मग ती सरळ त्या बाईला म्हणाली, "बाई, आमी बौद्ध हाय. ह्यानं तुमाला सांगितलंय का न्हाई, ठावं न्हाई. मागनं कुणी म्हणाया नको."

बाईनं तव्यावरची भाकरी उलटली, काठ दाबला.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "तुमच्याकडचा एक कंडक्टर जेवाया यायचा, त्यानंच सांगितलं पैल्याच महिन्यात. दोगं उठून गेले तवा. गेले तर गेले, दुसरे आले. तुमी या आत, भाकरी गार हुतीया."

आई आत आली. पाटावर बसली, पण अवघडून, उठायच्या तयारीत असल्यासारखी. बाईनं आम्हा दोघांनाही वाढलं. आईनं घास खाल्ला, चटणी चाखली आणि म्हणाली, "मीठ जरा जास्त हाय."

"व्हय?" बाई म्हणाली. "आज हात चुकला असंल."

आईनं दुसरी भाकरी मागितली. मग तिसरी. घरी तिला दीड भाकरीच्या पुढं गेलेली मी पाहिलेली नव्हती. मध्येच ती उठून बाईला पीठ मळू लागू का म्हणाली, तर बाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ताकाचा पेला आला. तो हातात धरून आई माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तुजा बाप मंबईत असाच जेवत असंल व्हय रं, इतकी वर्सं? असा वळीत बसून? मला वाटायचं, कुटं कोपऱ्यात उपाशी बसत असंल."

मला ते माहीत नव्हतं.

परत येताना आई म्हणाली, "तुज्या ताटाच्या काठावर खूण हुती. माज्या ताटावर न्हवती."

मी चालता चालता थांबलो. इतके महिने त्या ताटात जेवलो, मला खूण दिसली नव्हती. महिन्याच्या गिऱ्हाइकांची ताटं ओळखू यावीत म्हणून असेल का ती? की माझंच ताट वेगळं ठेवलेलं होतं? मग आईला बिनखुणेचं का दिलं? आणि दाराजवळची जागा, ती मी निवडली होती की मला तिथंच पान मांडलेलं असायचं? आई म्हणाली, "इचार तिला." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित काहीच निघालं नसतं, आणि निघालं असतं तर मी जेवायला कुठं गेलो असतो?

आई दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिनं निवाडा केला: दुपारी बाईकडं जेवायचं, संध्याकाळी खोलीत माडगं नाहीतर भात, चहा दोनदाच. मी तसं केलं. खानावळीत आता ताक मागायला लागलो. धान्याच्या टंचाईमुळं सोमवारी संध्याकाळी त्या वर्षी हॉटेलं, खानावळी बंद असायच्या, पण ती माझी स्वतः रांधायचीच वेळ होती, त्यामुळं अडचण आली नाही. खर्च खानावळीएवढाच राहिला, वेळ थोडा वाचला. पोटाचं म्हणाल तर दुखणं एकदम गेलं नाही. दोन महिन्यांनी मला आठवलं की बऱ्याच दिवसांत दुखलं नाही.

कशानं गेलं, यावर मात्र एकमत झालं नाही. डॉक्टर म्हणाले, घरच्या जेवणानं. फलटणकर म्हणाला, चहा सोडल्यानं, आणि मी सांगितलंच होतं म्हणाला, जे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. खानावळवाली म्हणाली, ताकानं. आईनं पत्र लिहवून घेतलं, त्यात हुलग्याचं पीठ संपलं की कळव, असं होतं. मला कधी कधी वाटायचं, मान वर करून जेवायला लागलो, त्यानं गेलं असेल. पण मग आईच्या हातचं निवांत खाताना तो मुरडा का आला होता?

दोन वर्षांनी माझी साताऱ्याला बदली झाली. पहिल्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन मी एका चौकात उभा होतो. एका बाजूला खानावळीची पाटी, दुसऱ्या बाजूला भाजीवाल्या बायका. कुठं वळावं हे मला खरंच ठरवता येईना. शेवटी पावशेर वांगी घेतली, ती पिशवीत टाकली आणि खानावळीत जाऊन जेवलो.