नववीच्या गणवेशाला खिसा

सकाळी पेपर वाचून त्याची घडी घालत होते, तेव्हा बेंबळीहून पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली." झोपेतच गेली, म्हणाला... माझी धाकटी जाऊ कुसुम, मुलांनो, तुमची धाकटी आजी, जाऊन आता दीड महिना होईल. तुम्हाला तिचा फक्त फोनवरचा आवाज माहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी धाराशिवला इंग्रजी शिकवत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. कुसुम सातवी शिकलेली. बेंबळीच्या घरात पडवीत तिचं मशीन, आणि गावातल्या हायस्कूलच्या मुलींचे गणवेश वर्षानुवर्षं तिच्याकडेच. माझ्या साड्या कपाटात रंगाप्रमाणे लावलेल्या, तर तिच्या तोंडात टाचण्या आणि केसांत दोऱ्याचे तुकडे. पण कपडा द्यायचा वायदा तिनं कधी चुकवला नाही.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये शेजारीण आपल्या लेकराला, सोनूला, घेऊन तिच्याकडे आली. नाव मी बदललं आहे, आणि सोनूला विचारूनच हे लिहिते आहे. मुलगी म्हणून वाढलेलं लेकरू नववीत जाणार होतं. नववीपासून मुलींना कुर्ता, सलवार, ओढणी. कुसुमनं टेप काढली तसं ते अंग चोरून भिंतीला टेकलं. आई रागावली. कुसुम म्हणाली, असू दे, मापाचा कपडा आणून दे, त्यावरून बेतते. दुसऱ्या दिवशी सोनू एकटंच आलं, थोरल्या भावाचा शर्ट घेऊन.

"आजी, असं शिवलं तर म्या साळंला जाईन. न्हाय तर न्हाय."

कुसुमनं जास्त काही विचारलं नाही. कुर्ता सैल बेतला, त्याला शर्टासारखी कॉलर, कफ आणि छातीवर खिसा लावला. ओढणीची गरजच उरली नाही. एकट्याच्या अंगावर असलं काही दिसलं तर पोरं जगू देणार नाहीत, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं नववीतल्या सगळ्या मुलींचे कुर्ते तसेच शिवले. मुली खिशावर खूश झाल्या, आणि त्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा मला फोन आला की मॅडम, जाऊबाईंना जरा समजावा.

मी पुढच्याच एसटीनं गेले आणि तिला नियम ऐकवला. तिनं मशीन थांबवलं नाही. "अक्का, लेकरानं साळाच सोडली तर तुमचा गणवेश काय बुजगावण्याला घालायचा?" मग तिनं सोनूचं सगळं सांगितलं. मी शिकलेल्या माणसाच्या खात्रीनं म्हणाले, वय आहे, जाईल हे.

"जाईल तवा जाईल. न्हाय गेलं तर न्हाय. दहावी तर होऊ द्या."

माझ्या नोकरीत एक मूल असंच मध्येच यायचं थांबलं होतं... मी हजेरीतून नाव कमी करून मोकळी झाले होते. घरी येऊन मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं: कॉलर सभ्य दिसते, खिसा सोयीचा आहे, ओढणी सायकलच्या चाकात अडकते. खरं कारण लिहिलं नाही. ते सांगणं न सांगणं सोनूच्या हातात होतं. गणवेश राहिला.

सगळं सोपं झालं असं नाही. मुलं टोमणे मारायची. मुलींच्या संडासात जावं लागू नये म्हणून सोनू शाळेत पाणीच पीत नसे. सोनूच्या घराला दुपारी कुलूप असे, म्हणून हे कळल्यावर कुसुम मधल्या सुट्टीत आपल्या घराचं मागचं, संडासाकडचं दार उघडं ठेवू लागली, ओट्यावर तांब्या भरून. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिचा फोन आला, "पास झालं बघा आपलं सोनू." टक्के तिनं विचारलेच नव्हते.

तेराव्याला सोनू धाराशिवच्या कॉलेजातून आलं, केस बारीक कापलेले. पंगती उठल्यावर आम्ही दोघांनी पडवी आवरायला घेतली. मशीनवरच्या चादरीखाली एक निळा शर्ट निघाला. काजं झालेली, बटणं तेवढी राहिलेली. खांद्याला टाचलेल्या चिठ्ठीवर कुसुमच्या वेड्यावाकड्या अक्षरात सोनूचं नाव. मला शिवण येत नाही. तरी चष्मा पुसून बसले आणि सहा बटणं लावली. तिसरं जरा खाली गेलं, शर्टाला चूण पडली. मी उसवायला कात्री शोधू लागले, तर सोनूनं शर्ट माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, आजी. उद्या कॉलेजला हाच घालीन."

कुसुमनं तो तसा घराबाहेर जाऊ दिला नसता. मी दिला.